आठ दिवसांत बदलून मिळेल

आमच्या घरात सकाळ व्हायची ती कापड फाडल्याच्या आवाजाने. इंदापूरच्या पेठेत पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या अशी आमची सोय होती. अब्बा फजरची नमाज पढून आले की दुकानाच्या फळ्या एकेक करून काढायचे, गादीवरची पांढरी चादर ताणून बसवायचे आणि परकराच्या कापडाचा तागा घेऊन दिवसभराचे तुकडे करून ठेवायचे. कडेला कात्रीने बारीकशी चीर द्यायची आणि मग दोन्ही हातांनी टर्र्रकन ओढायचं. मागच्या खोलीत अम्माच्या भाकरी थापण्याचा आवाज त्यात मिसळलेला असायचा. ती परातीत भाकरी फिरवताना बांगड्या कोपरापर्यंत सरकवून ठेवायची आणि भाकरी तव्यावर टाकली की हात झटकायची, मग त्या पुन्हा खळ्ळकन खाली यायच्या. गरम बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची ओलसर चटणी आणि कांदा, एवढं पोटात गेलं की आम्ही बापलेक पुढे दुकानात जायचो. शुक्रवारी मटण असायचं. डाळज गावचं एखादं गिऱ्हाईक उजनी धरणाच्या पाण्यातले मासे पानात गुंडाळून घेऊन आलं, तर त्या दिवशी दुपारी दुकानात बसणाऱ्या माणसांचं साड्यांत लक्ष राहायचं नाही, कारण अम्माच्या कालवणाचा वास तागे ओलांडून रस्त्यापर्यंत जायचा.

साऱ्या तालुक्यात अब्बांना तात्या म्हणत. हे नाव कुणी दिलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. आमचा धंदा मुख्यतः बस्त्याचा. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून लग्नाची कापडं घ्यायला यायची, त्याला आमच्याकडे बस्ता बांधणं म्हणतात. इकडच्या माणसांना हे सांगायला नको, पण पुण्यात वाढलेली माझी नातवंडं कधीतरी हे वाचतील म्हणून लिहिते. टेम्पो भरून वीस-पंचवीस माणसं यायची. म्हाताऱ्या गादीवर पाय पसरून बसायच्या, पुरुषमंडळी पायरीवर तंबाखू मळत, आणि नवरी आईच्या मागे अर्धी लपलेली. अम्मा मोठ्या पातेल्यात चहा टाकायची, दुपारी सगळ्यांना भेळ. अब्बा साडी उघडायचे ती नुसती उघडायचे नाहीत, हवेत फडकन उडवायचे, आणि ती खाली येईपर्यंत बायकांच्या तोंडून “अगं बया” निघालेलं असायचं. शालू नक्की झाला की अब्बा कुंकवाचा करंडा पुढे सरकवायचे. नमाजी माणसाच्या गादीवर कुंकवाचा करंडा बघून नवखं माणूस चपापायचं, पण अब्बांना त्यात काही विशेष वाटत नसे. बरोबरच्या सवाष्णीनं शालूच्या आतल्या काठाला कुंकवाचं बोट लावायचं, वर सुपारी ठेवायची, आणि अब्बा मोठ्यानं म्हणायचे, “लागलं कुंकू. आता ह्यो माल तुमचा, माझा न्हाय.” त्यानंतर नवरीच्या बापानं पाय धरले असते तरी अब्बांनी तो शालू परत घेतला नसता. कुंकू लागलेला शालू दुसऱ्या नवरीला कोणत्या तोंडानं दाखवायचा, असं ते म्हणायचे.

ह्या नियमाचा जुलूम होतो असं मला तेव्हा ठाम वाटायचं. पण डाळजच्या चंद्राबाईची गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडत होती आणि मला ती दिसत नव्हती. चंद्राबाई धाकट्या दिराच्या बस्त्याला आलेली. सगळ्यांचं घेऊन होईपर्यंत तिची एसटी निघायची वेळ झाली, आणि घाईघाईत तिनं जी साडी उचलली ती दोन वर्षं आमच्या फळीवर पडून होती. मोहरीसारखा पिवळा रंग आणि पोपटी काठ. ती साडी खपावी म्हणून अब्बांनी काय काय केलं होतं ते मलाच ठाऊक. बस्त्यातली साडी म्हणून तिलाही कुंकू लागलं आणि चंद्राबाई एसटीला पळाली. मला वाटलं, घरी जाऊन उजेडात बघितल्यावर बाई रडणार. तर पुढच्या बाजाराला ती साडी नेसूनच आली, गादीवर बसली आणि म्हणाली, “तात्या, असला रंग तुमी पुन्यांदा आणला न्हाय बगा. आमच्या गावात कुनाकडं न्हाय.” कुणाकडे नव्हता ह्यात तर काही शंकाच नव्हती. पुढे किती वर्षं ती त्या साडीचं कौतुक करत राहिली. अम्मा तोंडाला पदर लावून आत पळायची.

मी तेव्हा बारामतीच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आले होते आणि पुढे शिकायचं की नाही ते माझं ठरत नव्हतं. माझं काहीच ठरत नसे. चपला घ्यायला गेले तर डाव्या पायात एक आणि उजव्यात दुसरी घालून अर्धा तास उभी राहायची. जेवताना आधी भात की आधी भाकरी, इथपासून माझी तयारी. अम्मा म्हणायची, “हिला जन्माला यायच्या आधी विचारलं असतं तर अजून आतच बसली असती.” त्या वर्षी मला दोन स्थळं आली होती. एक पुण्याचं. मुलगा सरकारी ऑफिसात कारकून, राहायला दोन खोल्यांचं बिऱ्हाड, नळाला पाणी. दुसरं भवानीनगरच्या हमीदचं. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्याचं दुकान होतं आणि तो पाण्याच्या जळालेल्या मोटरी भरून द्यायचा, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळायची. आता हमीद म्हणजे घरचे हेच. एवढ्या वर्षांत मी नाव घेतलं नाही, पण ह्या प्रकरणात ते माझे अजून कुणी नाहीत, म्हणून मी त्यांना अरेतुरेच करणार आहे. वाचून दाखवीन तेव्हा काय बोलणी बसायची ती बसू देत.

हमीद मला आवडला होता. तो घरी आला तेव्हा त्याची नखं काळी होती आणि ती लपवायला तो बोटं बशीखाली दुमडून चहा प्यायला. मी आतून बघत होते आणि मला हसू आलं. अम्मानं विचारलं तेव्हा मी हो म्हटलं, पण लगेच म्हटलं, “आत्ताच त्यांना सांगू नको. थोडं थांब.” पुण्याच्या स्थळालाही नाही म्हणू दिलं नाही. अब्बांनी सगळं माझ्यावर सोडलं होतं. त्या काळात असं बाप करत नसत, आणि मी त्या मोकळेपणाचा पुरेपूर गैरफायदा घेतला. सोमवारी मला हमीद बरा वाटायचा. मंगळवारी कुणीतरी पुण्याहून यायचं, तिथल्या बागांचं सांगायचं, की झालं. सहा महिने दोन्ही घरं टांगून ठेवली होती मी. वरून मला वाटायचं की ह्यात शहाणपणा आहे, दोन्ही दारं उघडी आहेत, आपलं काही अडलेलं नाही. पण खरं सांगायचं तर मला जेवण गोड लागत नव्हतं. अम्मा हमीदच्या आईला निरोप धाडून धाडून थकली होती.

अशा माणसाच्या डोक्यात जी कल्पना यायची तीच आली. कॉलेजात असताना मी एका मोठ्या दुकानात पाटी बघितली होती, तशी पाटी आपण लावू असं मी अब्बांच्या मागे टुमणं लावलं. लग्नाचा शालू आठ दिवसांत बदलून मिळेल. बाईनं घरी न्यावा, उजेडात बघावा, चार जणींना दाखवावा, नाही आवडला तर परत आणावा. गिऱ्हाईक खूश होईल, कळस-डाळजपासून भवानीनगरपर्यंत नाव होईल. अब्बा म्हणाले, “आन् कुंकू?”

“घरी लावतील की.”

अब्बांनी बराच वेळ कापड मोजायच्या गजानं पाठ खाजवली. त्यांना पटलं नव्हतं, पण शिकलेल्या लेकीला एकदम नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. शेवटी म्हणाले, “कर. ह्या लगीनसराईपुरतं कर.” मी रंगाचा डबा आणला, पत्र्यावर हिरव्या अक्षरांत पाटी रंगवली आणि दारावर खिळा ठोकून लावली. करंडा गल्ल्याच्या खणात गेला.

पहिले आठ दिवस मी हवेत होते. नंतर शालू परत यायला लागले. एक जण हिरवा नेऊन निळा घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी निळा आणून हिरवा मागायला लागली, तोवर हिरवा दुसरीनं नेलेला. दोन जावा एकमेकींच्या साड्या बघून दोघीही बदलायला आल्या आणि दोघींनी एकमेकींच्याच उचलल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. बरं, माल बदलून मिळाला म्हणून कुणी हसत गेलंय असंही नाही. पूर्वी बस्ता बांधून माणसं टेम्पोत बसायची तेव्हा गाणी म्हणत जायची. आता जाताना बायका पिशवीत डोकावत जायच्या, जसं काही आत चुकून दुसरंच बाळ घातलंय. अम्मा म्हणाली, “तुझ्या पाटीनं बायकांची झोप उडवली.” मी तिला म्हटलं, तुला नव्या गोष्टी कळत नाहीत. माझी नात आता मोबाईलवर पाच ड्रेस मागवते, घालून बघते, चार परत पाठवते आणि ठेवलेला पाचवा घालून आरशासमोर तोंड वाकडं करते. मी काही बोलत नाही. मीच तर आमच्या पेठेत ह्या रोगाची पहिली पाटी लावली होती.

आता मंदाची गोष्ट. मंदा कळसची, माझ्याच वयाची, गव्हाळ रंगाची आणि मोठ्यानं हसणारी. तिच्या बस्त्याच्या दिवशी अब्बांनी डाळिंबी शालू उडवला आणि तो खाली यायच्या आत मंदानं हात पुढे केला. पुढचे तीस शालू उघडले, पण तिचा एक हात डाळिंबी शालूवर होता तो हलला नाही. पूर्वीचे दिवस असते तर तिथंच करंडा पुढे आला असता आणि पाच मिनिटांत भेळ आली असती. पण मंदाची आत्या पाटीकडे बोट करून म्हणाली, “आठ दिस हायत की. घरी नेऊन बघू, काय घाई हाय?” मंदानं माझ्याकडे बघितलं आणि मी मोठ्या दिमाखात मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. शेजारणीनं सांगितलं होतं की डाळिंबी रंगात नवरी काळी दिसते. मोरपंखी घेऊन गेल्या. पुन्हा दोन दिवसांनी आल्या, मोरपंखी फार साधा दिसतो म्हणे, राणी रंग घेतला. मग राणी देऊन जांभळा. दर खेपेला मंदाचं हसणं थोडं कमी झालेलं दिसायचं. आत्याचा उत्साह मात्र वाढतच होता, तिला रोज एसटीनं इंदापूरला यायची चटक लागली असावी.

आठव्या दिवशी दुपारी त्या जांभळा घेऊन आल्या. हळद दोन दिवसांवर आली होती. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी पुन्हा शालू मांडायला लागले, आणि मंदा गादीवर बसल्या बसल्या रडायला लागली. आवाज न करता, नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत.

“मला कुठलाच बघवंना, रशिदाताय,” ती म्हणाली. “डोळं मिटलं की रंगच फिरत्यात. कुठलाबी धरला तर वाटतं, ह्यापरीस तो बरा हुता.”

“अगं, शालूपायी कुनी रडतं व्हय?” आत्या म्हणाली.

“शालूचंच आसतं तर काय हुतं!” मंदानं पदरानं डोळे पुसले, माझ्याकडे सरकली आणि हळू आवाजात म्हणाली, “काल मनात आलं, पोरगं तरी नीट बगितलंय का आपुन? बारामतीकडचं ते दुसरं स्थळ आलं हुतं, तेच बरं हुतं का? आदी न्हवतं गं आसलं काय मनात. त्यो मला लई आवडला हुता. आता त्याचं त्वांडबी नीट आठवंना.”

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. हे रडणं मी तिच्या घरात पाठवलं होतं, पत्र्यावर हिरव्या अक्षरांत लिहून. आणि ती जे बोलत होती ते माझ्याच तोंडचं होतं. हमीदचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला आणि मला फक्त बशीखाली दुमडलेली बोटं आठवली.

मी घाईनं म्हटलं, “तो पहिला डाळिंबीच घे ना, मंदा. तो तुला आवडला होता.”

“त्यो गेला,” अब्बा गल्ल्यावरून म्हणाले. “परवाच गेला, बावड्याच्या लोकांनी नेला.”

मला वाटलं, आता मंदा मोठ्यानं रडणार. ती बराच वेळ समोरच्या ढिगाकडे बघत बसली. मग तिनं नाक ओढलं आणि विचारलं, “तात्या, तुमचा त्यो करंडा कुठं गेला?”

“हाय की. खणात.”

“काडा त्यो.”

अब्बांनी करंडा काढला, बाहीनं पुसला आणि तिच्यासमोर ठेवला. मंदानं मांडीजवळ पडलेला मोरपंखी शालू ओढला. तोच का, हे मी पुष्कळ वर्षं मनाला विचारलं आहे, आणि माझं उत्तर एवढंच आहे की तो हाताशी होता. तिनं काठ उलटा केला, करंड्यात बोट बुडवलं आणि काठाला असं काही दाबून लावलं की कुंकू चादरीवर सांडलं.

“अगं, सवाष्णीनं लावायचं आस्तं ते!” आत्या ओरडली आणि घाईनं स्वतःचंही एक बोट त्यावर लावून मोकळी झाली.

मंदा अब्बांना म्हणाली, “तात्या, आता म्या सोता परत घिऊन आले तरी घिऊ नका. रडले तरी घिऊ नका. शपथ हाय तुमाला.”

“लागलं कुंकू,” अब्बा म्हणाले. “आता ह्यो माल तुमचा, माझा न्हाय.”

आणि मंदा हसली. आठ दिवसांपूर्वीचं ते मोठ्यानं हसणं, सगळं. मी आतून भेळ घेऊन आले तर ती शालू मांडीवर घेऊन काठावरून हात फिरवत आत्याला सांगत होती की उन्हात ह्याचा रंग बदलतो. त्या गेल्यावर मी स्टूल घेऊन पाटी उतरवली. अब्बा हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले होते. मला वाटलं काहीतरी बोलतील. एवढंच म्हणाले, “खिळा ऱ्हाऊ दे. क्यालेंडर लावू.”

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. कळसला पोचलो तेव्हा मंदा मांडवाच्या मागच्या खोलीत नटून बसली होती. मला बघितल्याबरोबर तिनं हाताला धरून जवळ बसवलं. “कशी दिसती?” म्हणाली, आणि मी काही बोलायच्या आत, “पयल्यापास्नं माझा डोळा ह्याच्यावरच हुता बग.” ही पोरगी तीन दिवसांपूर्वी माझ्यासमोर रडली होती, तिनं चार शालू हाताळले होते, आणि आता ती हे माझ्या डोळ्यांत बघून सांगत होती. आणि ती खोटं बोलत नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिला खरंच तसं आठवत होतं. दारातून नवरा दिसला तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं आणि लाजली. मला तिचा हेवा वाटला. इतका हेवा मला आयुष्यात कुणाच्या दागिन्यांचा वाटला नाही.

जेवायला पंगतीत अम्माच्या शेजारी भवानीनगरची एक बाई बसली होती, हमीदच्या घराजवळ राहणारी. बुंदी वाढून गेल्यावर ती अम्माला म्हणाली, “शुक्रवारी अकलूजला पोरगी बगाया निगाल्यात ती हमीदकडची. तुमच्याकडनं काय कळंनाच म्हनं. पोरगी चांगली हाय म्हनत्यात, ह्याच येळंला सुपारी फोडत्याल.” अम्मानं माझ्याकडे बघितलं नाही. मी हातातला बुंदीचा घास परत पत्रावळीवर ठेवला. सहा महिने मी ह्या माणसाला तराजूत घालून बघत होते आणि तो तराजूतून उतरून जाऊ शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी घाबरले. पहिल्यांदा खरीखुरी घाबरले.

परतीच्या एसटीत मी अम्माला म्हटलं, “मला हमीदच करायचाय.”

“आता आठवलं?” अम्मा म्हणाली. “कॉलेजचे पेपर सांगून झाले, मामाचं दुखणं सांगून झालं. आता मी कोणत्या तोंडानं निरोप धाडू त्याच्या आईला?”

अब्बा पुढच्या बाकावर होते. मागे न वळता त्यांनी विचारलं, “आन् पुन्याचं?”

“पुण्याला आधी नाही कळवा,” मी म्हटलं.

आता ते वळले. “हमीदकडनंच न्हाय आलं तर? दोन्हीबी जात्याल, रशिदा.”

“तर जातील. पण हे आधी कळवा.”

हे मी कशाच्या जोरावर बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. एवढं खरं की पुण्याचं दार उघडं ठेवून मी हमीदकडे गेले असते तर तिथंही “बघू” म्हणून परत आले असते. मला मी चांगलीच ओळखत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी पुण्याला पोस्टकार्ड लिहिलं, दोनच ओळी, आणि टाकायला माझ्याच हातात दिलं. एसटी स्टँडजवळच्या लाल पेटीत ते कार्ड मी सोडलं आणि ते तळाशी पडल्याचा आवाज ऐकला. मला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी कडकडून भूक लागली, आणि मी स्टँडवर उभ्याउभ्या दोन वडापाव खाल्ले.

तिकडे अब्बांनी दुकानातला टेबलफॅन उचलून पिशवीत घातला होता. अम्मा म्हणाली, “चांगला चालतोय की तो!”

“आज चालतोय,” अब्बा म्हणाले. “उद्या बंद पडला मजी?”

त्याच दुपारी आम्ही दोघं भवानीनगरला उतरल्यावर अब्बांनी फॅन माझ्याकडे दिला. त्यांना कारखान्याच्या कॉलनीत कुणाला तरी टोप्या-टॉवेल पोचवायचे होते. ते टोप्या-टॉवेल पुढच्या आठवड्यात पोचले असते तरी चाललं असतं, पण अब्बा मागे न बघता निघून गेले. मळीचा वास सगळीकडे भरला होता. तो वास मला त्या दिवशी नकोसा वाटला. आता तो नसला की मला करमत नाही, चार दिवस पुण्याला लेकीकडे गेले तर पाचव्या दिवशी मी परत येते. कधीकधी मनात येतं, पुण्याच्या त्या कारकुनाशी लग्न केलं असतं तरी मी सुखातच राहिले असते, बागेत फिरायला गेले असते आणि मळीच्या वासाला नाक मुरडलं असतं. हे मी हमीदला सांगितलंसुद्धा आहे. तो म्हणतो, राहिली असतीस की, तुझं पोस्टकार्ड पोचलं नसतं तर.

हमीद दुकानात एकटाच होता. लाकडी साच्यावर तार गुंडाळत होता. डाव्या हातानं तार ताणून धरलेली, उजव्या हातानं दांडा फिरवायचा आणि तोंडानं प्रत्येक वेढा मोजायचा. एखादा वेढा कमीजास्त झाला तर मोटर पुन्हा जळते, हे मला नंतर कळलं. मी दारात दिसले तशी त्याची मान वर झाली, डोळे मोठे झाले, पण मोजणं थांबलं नाही. त्यानं हनुवटीनं बाकाकडे खूण केली. मी फॅन मांडीवर घेऊन बसले. “एक्क्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णव,” तो पुटपुटत होता. त्याची नखं तशीच काळी होती. कानामागे पेन्सिल खोचलेली होती आणि गालावर वंगणाचा पट्टा होता. हे तोंड मी विसरले होते ह्याचं मला नवल वाटलं आणि वाईट वाटलं. शंभरच्या पुढे गेल्यावर त्याला राहवेना. हात थांबवून त्यानं विचारलं, “काय झालंय फॅनला?”

“काय न्हाय झालं,” मी म्हटलं.

“मग?”

तिथं कुणी मध्यस्थ नव्हतं, मागे घ्यायची सोय नव्हती, आणि तो नको म्हणाला असता तर त्याला तसा पुरता हक्क होता.

“अकलूजला जाऊ नका,” मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. रस्त्यानं उसाच्या गाड्या चालल्या होत्या, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला आणि गेला. तार धरलेला त्याचा हात जागचा हलला नव्हता, पण कान लाल झाले होते.

“पक्कं?” त्यानं विचारलं.

“पक्कं. पुण्याला न्हाय कळवून आले.”

त्यानं खाली साच्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाला. मग अगदी घरच्या माणसाला विचारावं तसं त्यानं विचारलं, “किती झालं हुतं?”

“एकशे बारा,” मी म्हटलं.

हमीदनं दांडा फिरवला आणि म्हणाला, “एकशे तेरा.”